मानसशास्त्राच्या सरांचा स्मृतिग्रंथ: गोव्यातल्या फोंड्याच्या छापखान्याचं काम

देवस्थानच्या पावत्या आणि लग्नपत्रिका हा या छापखान्याचा रोजचा धंदा, पण पुस्तकंही घेतात. मानसशास्त्राच्या एका दिवंगत प्राध्यापकांचा स्मृतिग्रंथ वर्षश्राद्धासाठी इथे छापला गेला: डेमी आकार, 128 पानं, 200 प्रती. बांधणी उत्तम, फोटो ठीक, अक्षरजुळणी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी.

पानं 16च्या फॉर्ममध्ये, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या जुडीत, छापतात. 128 म्हणजे बरोबर आठ फॉर्म. मजकूर 131 वर गेला की उरलेली पानं कोरी सुटतात किंवा घाईत जाहिराती शोधाव्या लागतात. एखादा लेख आधीच कापलेला बरा.

खरी डोकेदुखी फॉन्टची. लेख येतात युनिकोडमध्ये, छापखाना जुळवतो जुन्या फॉन्टमध्ये. बदलताना रफार शेजारच्या अक्षरावर जातो आणि ‘सुधारणाऱ्या’तला अर्धा र गायब होतो. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द स्मृतिग्रंथात पानोपानी येणार, तोच आधी शोधून पाहावा. भारतातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यातच आला. देवनागरीशी मात्र झटापट अजून चालू आहे. त्यात इथले मुद्रितशोधक हुशार, म्हणून जास्त धोक्याचे. ‘प्रबलन’चं (बक्षीस वगैरे देऊन वर्तन पक्कं करणं) ‘प्रबोधन’ झालं, ‘अध्ययन’ सगळीकडे ‘अध्यापन’ झालं. शिकवण्याच्या लेखात हे खपेल. शिकण्याच्या प्रक्रियेवरच्या सरांच्या टिपणात अर्थच उलटतो. पारिभाषिक शब्दांची यादी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात द्यावी आणि दुसरं प्रूफ कागदावरच मागावं. मोबाईलवर पीडीएफ पाहून ‘ओके’ कळवू नये.

काय छापायचं हे छापखाना सांगणार नाही, आणि इथेच घरच्यांची गफलत होते. सरांच्या मोफत समुपदेशन केंद्रात आलेल्यांची आभाराची पत्रं वाचून डोळे भरतात. पण 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 23व्या कलमाने उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. लेखी संमती नसेल तर पत्र बाजूला ठेवावं. नाव खोडून ‘वरच्या वाड्यावरच्या पोदेराचा (पाववाल्याचा) मुलगा’ एवढं ठेवलं तरी अख्ख्या गावाला कळतं. प्रयोगशाळेच्या फोटोंचंही तसंच. आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायचं उपकरण खुशाल छापावं. रोर्शाक या व्यक्तिमत्त्व चाचणीची शाईडागांची कार्डं किंवा बुद्धिमापनाच्या भाटिया संचातल्या ठोकळ्यांचे नमुने फोटोत वाचता येत असतील तर तेवढा भाग कापावा. आधी पाहिलेली चाचणी पुढे त्या माणसावर नीट चालत नाही.

फोटोंना 130 जीएसएम आर्ट पेपरचा वेगळा 16 पानी फॉर्म घेतला, हे योग्य झालं. फ्रेमच्या काचेला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नये, काचेसकट स्कॅन करावा. छोटा फोटो 600 डीपीआयवर करायला सांगावं. इथे न सांगता 300वर करतात आणि मग चतुर्थीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) बसलेल्या घरच्यांचे चेहरे पुसट येतात. फोटोखालच्या ओळीत ‘माटोळी’चं ‘मातोळी’ होतं, तेही बघावं.

बांधणीला पैकीच्या पैकी गुण. नुसती गोंदाची बांधणी स्वस्त, पण पुस्तक पुरतं उघडत नाही आणि जोर दिला की पानं सुटतात. इथे फॉर्म दोऱ्याने शिवून मग कव्हर चढवतात. त्याचे जादा पैसे द्यावेत. मुखपृष्ठाला एकाच बाजूने मॅट लॅमिनेशन असतं. पावसात आतली उघडी बाजू ओल पिते, फुगते आणि कव्हर बाहेर वळतं. म्हणून जून ते सप्टेंबरातली ऑर्डर असेल तर गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये बांधून घ्यावेत आणि आडवे रचावेत.

ताबा घेताना प्रत्येक गठ्ठ्यातली एक प्रत चाळावी. दोन प्रतींत एक फॉर्म उलटा शिवलेला निघाला; कुरकुर न करता बदलून दिल्या.