डीबी बदलल्यावर दहा महिने: आरसीसीबी सारखा का पडत होता

देवगडजवळचं आमचं घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. मीटरशेजारी फळीवर वडिलांच्या काळचे चिनी मातीचे सहा किटकॅट फ्यूज होते. गेल्या मे महिन्यात ते काढून एमसीबीचा (जादा करंटला आपोआप बंद होणाऱ्या स्विचांचा) डीबी, म्हणजे वितरण पेटी, बसवला आणि त्यात ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअर गळतीला, म्हणजे तेवढा करंट भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागला की, पडणारा (आपोआप बंद होणारा) आरसीसीबी. आमच्याकडचे वायरमन त्याला ईएलसीबीच म्हणतात.

पहिल्याच संध्याकाळी जिन्यातला बल्ब लावला आणि अख्खं घर अंधारात. बल्ब बदलला, होल्डर बदलला, तेच. आई म्हणाली, "इतकी वर्षं फ्यूज होते, असा त्रास कधी झाला नाही. काढून टाक तो." वायरमन गावातलेच. ते तिला म्हणाले, "काकीनू, फ्यूज उडत नव्हतो म्हणान गळती नव्हती असां नाय." अगदी खरं आहे. फ्यूजची तार वितळायला कित्येक अँपिअर लागतात. ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, तिच्या गावीही नसतो, पण तेवढ्यापुढचा करंट छातीतून गेला तर माणूस जाऊ शकतो.

आरसीसीबी फक्त हिशोब बघतो: फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला का? आमच्या जिन्याचा फेज नव्या डीबीतून येत होता आणि न्यूट्रल जुन्याच लिंकवर (सगळे न्यूट्रल एकत्र जोडायच्या पट्टीवर), म्हणजे आरसीसीबीच्या अलीकडे, मीटरच्या बाजूला राहिला होता. ६० वॅटचा बल्ब साधारण पाव अँपिअर ओढतो, तो सगळा हिशोबाबाहेर. न्यूट्रल हलवला, प्रश्न मिटला.

खरा छळ जुलैत झाला. रात्री पाऊस धरला की स्विच पडायचा. सगळे एमसीबी खाली केले तरी वर राहीना, तेव्हा मला वाटलं आरसीसीबीच खराब. तालुक्याच्या दुकानात १०० मिलिअँपिअरचा घ्या, पडणार नाही, असा सल्ला मिळाला. घेतला नाही, आणि कुणीही घेऊ नये. तेवढी गळती माणसाच्या अंगातून जाऊ द्यायची आहे का?

कारण असं की आमचे एमसीबी सिंगल पोल, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो कुठे ओलीत अर्थला टेकला असेल तर एमसीबी पाडून काही कळत नाही. वायरमननी मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरच्या सगळ्या वायरी सोडवल्या आणि एकेक लावत गेले, दर वेळी मेन बंद करून. पाचवी लावून मेन टाकला आणि खट्. विहिरीच्या पंपाची. माडाच्या मुळाशी जॉइंट होता, टेप उलगडला तर आतून पाणी ठिबकलं. तांबं हिरवं पडलेलं, तारा हाताला लागताच तुटत होत्या. ती केबल ओलांडून आमची पोरं रोज खेळायला जायची. हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

नवी केबल अखंड टाकली, मध्ये जॉइंटच ठेवला नाही. थंडीत गीझरचं एलिमेंट गेलं, ते पाच मिनिटांत सापडलं. त्यानंतर विनाकारण एकदाही पडलेला नाही.

खटकलेल्या गोष्टी: पत्र्याच्या डीबीच्या बिजागऱ्या खाऱ्या हवेने सहा महिन्यांत गंजल्या, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी प्लॅस्टिकचाच घ्यावा. आणि अख्ख्या घराला एकच आरसीसीबी ही माझी चूक. पंपाच्या केबलमधल्या गळतीपायी फ्रिज रात्रभर बंद राहिला, बांगडे टाकावे लागले.

टेस्टचं बटण महिन्याला दाबतो. अर्थिंगचाही विसर पडू देऊ नका. अर्थ नसला तरी आरसीसीबी पडतो, पण बऱ्याचदा कुणीतरी हात लावल्यावर. आमच्याकडे चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठक्क होते, म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो. पंपाला आणि पडवीला वेगळा आरसीसीबी मिरगाआधी बसवायचा आहे, वायरमनना सांगून ठेवलंय.