काळ्या मातीवरची टर्न-मिल: दोन उन्हाळे, दोन पावसाळे

माझं वर्कशॉप हिंगणघाट आणि जाम चौरस्त्याच्या मधल्या एका गावात आहे, हायवेपासून थोडं आत. वडिलांनी पंजाबातल्या बटाल्याच्या एका लेथवर जिनिंगच्या दुरुस्तीची कामं सुरू केली होती. तो लेथ अजून चालू आहे. त्याशिवाय आता कॉम्प्युटरवर चालणाऱ्या दोन साध्या सीएनसी टर्निंग, एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन) आणि डिसेंबर 2023 मध्ये आलेली ही टर्न-मिल, म्हणजे टर्निंग आणि मिलिंग एकाच मशीनवर. जॉब धरून फिरवणारी दोन स्पिंडल, 12 टूल बसणारा एक फिरता टरेट, लाइव्ह टूलिंग (टरेटवर स्वतः फिरणारी ड्रिल आणि कटर), सी-ॲक्सिस (जॉब हव्या त्या कोनात फिरवणारा), वाय-ॲक्सिस (टूल सेंटरपासून बाजूला नेणारी), फॅनकचा कंट्रोल, मागे बार आत सरकवणारा बार फीडर. बनवणाऱ्या कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या भागातली बरीच पोरं अशी मशीन घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना निवडीचा हिशेब कामाचा आहे.

मशीन घ्यायला भाग पाडलं एका शाफ्टनं. ईएन 19 स्टीलचा, लांबी 148 मिमी. दोन्ही टोकांना 25 मिमीची बेअरिंग सीट, एच 6 मध्ये, म्हणजे साइजमध्ये चालणारा फरक सगळा मिळून 13 मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). एका सीटच्या पुढे 8 मिमीचा कीवे (चावी बसायची खाच), मधल्या कॉलरवर दोन फ्लॅट (सपाट बाजू) आणि एक 6 मिमीचं आडवं भोक, तेही सेंटरवर नाही, 7 मिमी बाजूला. आम्ही तो चार सेटिंगमध्ये करायचो. एक बाजू टर्निंग, उलटून दुसरी बाजू, मग व्हीएमसीवर कीवे आणि फ्लॅट, शेवटी फिक्स्चरमध्ये भोक. दर वेळी जॉब सुटला, पुन्हा बांधला, की थोडा रनआउट (फिरताना पडणारा डोल) वाढायचा. शंभरात सहा-सात जॉब भंगारात जात, आणि गेले की अगदी शेवटच्या ऑपरेशनला जात, सगळी मेहनत झाल्यावर. संध्याकाळी तो ट्रे बघून जीव तुटायचा.

म्हणून मशीन शोधताना मी ॲक्सिस मोजले नाहीत. जॉबला हात किती वेळा लागतो ते मोजलं. 2023 च्या जानेवारीत बेंगळुरूला इमटेक्स या मशीन टूलच्या प्रदर्शनाला गेलो, शाफ्टचं ड्रॉइंग आणि एक तयार जॉब पिशवीत घेऊन. तिथे पाच ॲक्सिसच्या, बी-ॲक्सिसवर मिलिंग स्पिंडल तिरकं फिरवणाऱ्या मशीन पाहिल्या. माझाकच्या इंटेग्रेक्ससारख्या मशीनसमोर माणूस तासभर हलत नाही. पण माझ्या शाफ्टवर तिरकं असं काहीच नाही. जे आहे ते अक्षाला काटकोनात. बी-ॲक्सिसचे पैसे देऊन तो शून्य अंशावर उभा ठेवण्यात अर्थ नव्हता. मला हवी होती वाय आणि मागचं स्पिंडल.

वाय कशाला, हे समजायला मला स्वतःला वेळ लागला, म्हणून नीट सांगतो. नुसत्या सी-ॲक्सिसवरही कीवे निघतो. टूल सेंटरवर येतं, 8 ची कटर सरळ ओढली की 8 चा कीवे. पण मग कटर हाच तुमचा साइज. कटर थोडी झिजली की कीवे अरुंद, थोडी डोलली की रुंद, आणि ऑफसेट, म्हणजे कंट्रोलवर आकडा टाकून साइज सुधारायची सोय, तुमच्या हातातच नाही. वाय असली की 6 ची कटर घालायची, मधून रफ करायचं, मग एक भिंत आणि दुसरी भिंत वेगळी फिनिश करायची. साइज ऑफसेटवर येतो. दोनशे जॉबनंतर दोन मायक्रॉन हवेत तर दोन मायक्रॉन टाका. आणि ते 7 मिमी बाजूचं भोक? सी-ॲक्सिस कितीही फिरवा, ड्रिल प्रत्येक वेळी सेंटरकडेच जाणार. त्याला वाय लागतेच.

पण वाय-वायमध्येही फरक आहे, आणि विकणारा तो आपणहून सांगत नाही. बऱ्याच मशीनवर वाय तिरक्या स्लाइडवर बसवलेली असते. टूल सरळ वर-खाली जावं म्हणून एक्सची (टूल जॉबकडे आत-बाहेर नेणाऱ्या ॲक्सिसची) आणि त्या तिरक्या स्लाइडची मोटर एकाच वेळी चालते. त्यामुळे एक्समध्ये जरासा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारी ढिलाई) असला तरी तो फ्लॅटवर उमटतो. माझी मशीनही तशीच आहे आणि चांगली आहे, पण ती मी तपासून घेतली. ट्रायल कटला त्यांचा शोभेचा नमुना बाजूला ठेवायला लावला आणि माझ्या बारवर वायनं 20 मिमी रुंद फ्लॅट काढायला सांगितला. मग त्यावर डायल गेज फिरवली. सुई चार मायक्रॉनच्या आत राहिली. त्याआधी दुसऱ्या एका कंपनीच्या मशीनवर हाच फ्लॅट काढला तेव्हा त्यावर नखाला लागेल अशी रेघ होती. ती मशीन तिथेच सोडली.

लाइव्ह टूलच्या आरपीएमचा हिशेबही कागदावर करा. 6 मिमीची कार्बाइड कटर मिनिटाला 80 मीटरनं चालवायची तर जवळपास 4,250 आरपीएम लागतात. 4,000 ची मशीन रोज शेवटच्या टोकावर धापा टाकेल. मी 6,000 ची घेतली.

आता मागचं स्पिंडल. माझे पैसे खरे वसूल केले ते त्यानं. पुढची बाजू पूर्ण झाली की ते फिरत फिरत पुढे येतं, त्याच स्पीडवर जॉब धरतं, जॉब बारपासून कापून वेगळा होतो आणि मागची बाजू तिथेच फिनिश होते. दोन सीटमधली कॉन्सेंट्रिसिटी (दोन्हींचा मध्य एकाच रेषेत असणं) आता माणसाच्या हातावर नाही. पहिला जॉब खाली आला तेव्हा आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर तो हातात फिरवून म्हणाला, “भाऊ, हा तर आंघोळ-पांघोळ करूनच बाहेर आला.” टरेट एकच असल्यानं पुढचं आणि मागचं काम एकाच वेळी होत नाही. पुढचे 4 मिनिटं 10 सेकंद, मागचे 1 मिनिट 50, मिळून सहा मिनिटं. दोन टरेट असते तर चार-साडेचारात झालं असतं. पण माझ्या बॅच दोनशे-तीनशेच्या. तेवढ्यासाठी वीसेक लाख जास्त घालणं मला पटलं नाही. ज्याला महिन्याला एकच जॉब दहा हजार काढायचा आहे त्यानं दुसरा टरेट जरूर घ्यावा.

आमच्याकडची खरी परीक्षा मात्र कॅटलॉगमध्ये नसते. ती जमिनीत असते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. माझी व्हीएमसी साध्या कोब्यावर आहे, तिची लेव्हल दर वर्षी पहिल्या दोन पावसांनंतर हलते. मशीनवाल्यांचा माणूस म्हणाला, सहा टनांची मशीन आहे, कोबा चालतो. मी ऐकलं नाही. मुरूम लागेपर्यंत खोदलं, तो सहा फुटांवर लागला. वर अडीच फुटांचं आरसीसी, आणि फाउंडेशन व फरशीच्या मधे चारी बाजूंनी थर्मोकोल, म्हणजे फरशी हलली तरी मशीनला धक्का नको. मीटरला 0.02 मिमीचा फरक दाखवणाऱ्या लेव्हलवर दोन पावसाळ्यांत बुडबुडा एका रेघेपलीकडे गेला नाही. मशीनच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे, तो वाचवू नका.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात बाहेर 45-46 असलं की शेडमध्ये दुपारी 42 होतं. जॉब 42 वर, मायक्रोमीटर एसी केबिनमधून आणलेला, तर 25 मिमीच्या सीटवर पाचेक मायक्रॉनचा फरक नुसत्या तापमानाचा. 13 पैकी 5 असे हवेत गेले तर उरलं काय? आता मास्टर (माप पडताळायचा नमुना), मायक्रोमीटर आणि जॉब एकाच ट्रेमध्ये मशीनजवळ असतात, सकाळी वीस मिनिटं वॉर्म-अप प्रोग्राम चालतो आणि दुपारी दोनला एक जॉब हमखास तपासला जातो. मशीनचं स्वतःचं थर्मल कॉम्पेन्सेशन (तापण्यानं येणारा फरक आपोआप भरून काढणं) आहे, त्याचा फायदा दिसतो, पण त्याच्या भरवशावर दुपार सोडून देता येत नाही.

आणि तिसरी, रुई. आमच्या शेजारी जिनिंग आहे. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की हवेत तंतू उडतात आणि कंट्रोल पॅनलच्या एसीची जाळी पांढऱ्या गोधडीसारखी भरते. पहिल्याच हंगामात पॅनल तापून मशीन दोनदा थांबली. आता दर शनिवारी जाळी धुतो. दिवाळीला पाच दिवस वीज बंद ठेवायच्या आधी सर्व्होच्या बॅटऱ्याही बदलतो, मशीन चालू असतानाच. वीज बंद असताना त्या संपल्या तर ॲक्सिसचं होम, म्हणजे मशीननं लक्षात ठेवलेली मूळ जागा, जातं, आणि दोन स्पिंडलच्या मशीनवर ते परत बसवण्यात अख्खा दिवस जातो.

तक्रारी आहेत. सोबत दिलेलं ट्रेनिंग दोन दिवसांचं, त्यात एक दिवस स्वागत आणि सह्यांत गेला. कॅम सॉफ्टवेअर (ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणारं) विकणाऱ्यानं दिलेल्या पोस्टला, म्हणजे तो प्रोग्राम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या फाइलला, वाय-ॲक्सिस माहीतच नव्हती. ती दुरुस्त व्हायला पाच आठवडे लागले, तोवर आम्ही कीवेचे प्रोग्राम हातानं लिहिले. त्या पाच आठवड्यांचा हप्ता काही थांबला नाही. फिरणारं टूल धरणारा लाइव्ह होल्डर एकेक साठ-सत्तर हजारांचा. मी सुरुवातीला चार घेतले, लागले सात, आणि उरलेले तीन यायला अडीच महिने. होल्डर, पोस्ट आणि तुमच्याच जॉबवरचं ट्रेनिंग हे तिन्ही ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्या, मशीनवाल्यांना द्यायचा शेवटचा हप्ता त्यावर अडवून ठेवा. सर्व्हिसचा माणूस नागपुरात राहतो की पुण्याहून निघतो, हेही विचारा. नागपूर दोन तास. पुणे म्हणजे तुमचे दोन दिवस.

फाउंडेशन, स्टॅबिलायझर, होल्डर सगळं धरून खर्च 88 लाखांच्या घरात गेला. भंगारात जाणारे जॉब शंभरात एकावर आले. त्या शाफ्टवरून तसेच आणखी तीन जॉब मिळाले आणि गावातली दोन आयटीआयची पोरं, जी चाकणला जायला निघाली होती, आज या मशीनवर आहेत.

कुणाला बघायची असेल तर मंगळवार सोडून कधीही या. येताना तुमचा जॉब आणि ड्रॉइंग आणा. मशीनसमोर उभं राहून, त्याला हात किती वेळा लागतो ते मोजू.