जुने स्प्लायसिंग मशीन घेताना मी १,३५,००० रुपयांना कसा बुडालो

फायबरच्या धंद्यात मी नवखा नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण ही हकीकत ज्याला म्हणून सांगितली त्याने पहिला प्रश्न हाच विचारला की, एवढी वर्षे या कामात घालवून तुला कळले कसे नाही. सांगली जिल्ह्यात मी पूर्वी टीव्हीची तांब्याची केबल ओढत असे आणि २०१६ पासून फायबर, म्हणजे प्रकाशाने संदेश वाहून नेणारी काचेची तार, जोडतो. १२५ मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे साधारण केसाएवढ्या काचेची दोन टोके विजेच्या ठिणगीने वितळवून एकजीव करणे हे माझे रोजचे काम आहे, आणि ते करणारे यंत्र म्हणजे स्प्लायसिंग मशीन. तरीही फसलो, आणि फसलो तो यंत्राच्या अज्ञानामुळे नव्हे, घाईमुळे आणि भाच्यासमोर शहाणपणा मिरवण्याच्या खोडीमुळे.

घाई खोटी नव्हती. २०२५ च्या जुलैत रस्त्याकडेच्या चेंबरमध्ये जॉइंट करत असताना छत्री उलटली आणि माझ्या जुन्या मशीनमध्ये पाणी गेले. बोर्ड जळाला, दुरुस्तीपेक्षा दुसरे मशीन घेतलेले बरे, असे सगळ्यांचे मत पडले. हातात २४ फायबरच्या केबलचे, अकरा किलोमीटरचे, पाच जॉइंटचे काम होते आणि उशीर झाल्यास दंडाची अट होती. भाड्याचे मशीन दिवसाला १,८०० रुपये मागत होते. जपानी कंपनीचे नवे मशीन माझ्या आवाक्याबाहेरचे, आणि बँकेचे कर्ज मंजूर होईपर्यंत काम दुसऱ्याकडे गेले असते. अशा वेळी फोनवर जाहिरात दिसली : ‘प्रोजेक्ट संपला म्हणून विकणे आहे, कोअर अलाइनमेंट, फक्त ३,२०० आर्क, सोबत क्लीव्हर, स्ट्रिपर, बॅग.’ कोअर अलाइनमेंट म्हणजे फायबरचा आतला, प्रकाश वाहून नेणारा गाभा पाहून टोके जुळवणारे; आर्क म्हणजे जोडणारी ठिणगी, आणि तिच्या संख्येवरून मशीन किती वापरले ते कळते; क्लीव्हर फायबर सरळ कापतो, स्ट्रिपर त्याचे आवरण सोलतो. किंमत १,६०,००० रुपये. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही फोन लावला असता.

घासाघीस करून मी सौदा १,३५,००० वर आणला आणि त्याचा मला अभिमान वाटला, हे लिहिताना आज लाज वाटते. १०,००० रुपये टोकन म्हणून यूपीआयने पाठवले. पाठवताना पडद्यावर एका बाईचे नाव आले; विचारल्यावर “वहिनीचे खाते आहे, माझे जीएसटीच्या भानगडीत अडकले आहे,” असे उत्तर मिळाले. जीएसटीत अडकलेला माणूस जीएसटीचे बिल कसे देणार, एवढा साधा प्रश्न मला सुचला नाही. प्रत्यक्ष भेटीच्या दिवशी त्याच खात्यावर आयएमपीएसने ८०,००० आणि हातात रोख ४५,००० दिले. मिळाले काय, तर शिक्का मारलेले डिलिव्हरी चलन. त्यावरचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होत होता आणि २७ म्हणजे महाराष्ट्र हे ठाऊक असल्यामुळे मी समाधानाने मान डोलावली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. चलनावर चौदाच होती, आणि ती मी महिनाभराने मोजली. मोजायला दहा सेकंद लागतात. तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नाव पाहणे फुकट आहे.

आता तो क्षण, जो रात्री झोपताना अजून डोळ्यांसमोर येतो. पुण्याजवळच्या एका गोदामात, प्लॅस्टिकच्या टेबलावर त्याने मशीन मांडले होते. वरून अगदी लखलखीत. रबराच्या कडासुद्धा नव्या. त्याने रिळावरून फायबर काढले, मधोमध तोडले, दोन्ही टोके सोलून अल्कोहोलच्या कापडाने पुसली, क्लीव्हरमध्ये कापली आणि खाचेत बसवली. झाकण लावले, बटण दाबले, आर्कचा बारीक चट् आवाज झाला आणि पडद्यावर ०.०१ डीबी आले, म्हणजे जोडात वाया जाणारा प्रकाश, ज्याला आम्ही तोटा म्हणतो, नगण्य. पुन्हा केले, ०.०२. “बघा दादा, लोण्यासारखे जुळते,” तो म्हणाला. मग त्याने मेन्यूतले देखभालीचे पान उघडले. वरच्या ओळीत आर्कची संख्या २१२ दिसत होती. “इलेक्ट्रोडची जोडी मागच्या महिन्यातच बदलली,” असे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या दोन सुयांबद्दल, सांगत त्याने मशीन माझ्याकडे वळवले, आणि वळवताना त्याचा उजवा अंगठा पडद्याच्या खालच्या ओळीवर होता. नखाला चुना लागलेला तो जाड अंगठा मी पाहिला. माझा भाचा शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, “मामा, टोटल बघू या का?”

मी त्याला गप्प केले. “अरे, नवीन इलेक्ट्रोड आहेत म्हणतात ना, मध्ये बोलू नकोस,” असे चारचौघांत म्हणालो. भाचा दोन वर्षांपूर्वीपर्यंत माझ्याकडे स्लीव्ह, म्हणजे जोडावर चढवायच्या संरक्षक नळ्या, उचलून द्यायचे काम करत होता. त्याने मला विक्रेत्यासमोर प्रश्न विचारावा हे मला खपले नाही. ज्यांना हा धंदा ठाऊक आहे त्यांना फोड करून सांगायची गरज नाही : इलेक्ट्रोड बदलला की वरचा आकडा शून्य करण्याची सोय मशीनमध्येच असते, आणि ती कोणीही वापरू शकतो. मशीनचे खरे वय खालच्या, एकूण आर्कच्या आकड्यात असते. तो अंगठा त्याच आकड्यावर होता.

दाखवलेली जोडणीसुद्धा धूळफेकच होती, पण ती मला कळायलाच हवी होती. एकाच रिळाचे फायबर तोडून पुन्हा त्यालाच जोडले, तर दोन्ही बाजूंचा गाभा सारख्याच जाडीचा आणि जवळजवळ सारख्याच जागी असतो; वापरून झिजलेले यंत्रही तिथे चांगला आकडा दाखवते. शिवाय पडद्यावरचा तोटा हा मोजलेला नसतो, कॅमेऱ्याच्या चित्रावरून काढलेला अंदाज असतो. हे वाक्य मी स्वतः पोरांना शिकवताना निदान शंभर वेळा उच्चारले आहे. मशीन बघायला जाताना दोन वेगळ्या कंपन्यांच्या केबलचे तुकडे आणि स्वतःचा क्लीव्हर खिशात घेऊन जा. त्याने नाही म्हटले, तर तिथूनच परत फिरा.

आता प्रत्यक्ष काम. पाच जॉइंट, प्रत्येकी २४, म्हणजे १२० जोड. पहिल्या दिवसापासून खटकत होते. सोललेले फायबर पुसताना होणारा चुळचुळ आवाज ते स्वच्छ झाल्याची खूण असतो. तो येत होता, म्हणजे माझ्या हातात दोष नव्हता. पण कापलेल्या टोकाचे चित्र पडद्यावर पाहिले, तर कडेला ओठासारखा उंचवटा किंवा कोपरा उडालेला. असे टोक दिसले की मशीनने कुरकुर करायला हवी. हे मुकाट्याने पुढे जात होते. क्लीव्हरच्या पात्याला फिरवण्याच्या सोळा जागा होत्या. मी जागा बदलून पाहिली, पुन्हा बदलली. सोळाच्या सोळा बोथट होत्या. अखेर माझा जुना क्लीव्हर काढला आणि काम रेटले. तिथेच थांबायला हवे होते, हे मान्य. पण काम अंगावर असले की माणूस ‘चालतंय ना’ म्हणत पुढे जातो.

ओटीडीआर, म्हणजे फायबरमध्ये प्रकाश सोडून परत येणाऱ्या उजेडावरून प्रत्येक जोडाचा तोटा मोजणारे यंत्र, लावले तेव्हा एका टोकाकडून पाहताना काही जोडांवर तोट्याऐवजी चक्क नफा दिसला, एका जोडावर तर उणे ०.०४ डीबी. मी खुशीत ते चित्र काम देणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. दोन वेगळ्या कंपन्यांच्या फायबरमध्ये प्रकाश ज्या रुंदीत वाहतो ती थोडी वेगळी असली, की परत येणारा उजेड कमीजास्त होतो आणि एका बाजूने असा खोटा नफा दिसतो. म्हणूनच दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढायची असते. त्यांच्या इंजिनिअरने दुसऱ्या टोकाकडून मोजले, तर त्याच जोडावर ०.३८ आले. सरासरी ०.१७, आणि करारातली मर्यादा ०.१. अशा रीतीने १२० पैकी ४३ जोड नापास झाले. माझ्याच उत्साहाने टाकलेल्या चित्राखाली त्यांनी तो तक्ता चिकटवला.

मशीन सर्व्हिस सेंटरला नेले. तपासणीचे १,५०० आणि त्यावर कर धरून १,७७० रुपये भरले आणि काउंटरवर उभ्या उभ्या माझे वाभाडे निघाले. एकूण आर्क ६८,४१७. मागच्या स्टिकरवरचा अनुक्रमांक एक आणि मेन्यूत दिसणारा दुसरा. म्हणजे कवच एका मशीनचे, आतडी दुसऱ्याचे. गाभा जुळवणारी यंत्रणा नीट चालत नसल्यामुळे सेटिंग गुपचूप फक्त बाहेरचा घेर जुळवण्यावर ठेवलेले, आणि वाकड्या कापावर इशारा देणारी मर्यादा इतकी सैल केलेली की मशीनला तक्रार करायला तोंडच उरले नव्हते. इलेक्ट्रोडची टोके काढून दाखवली, तर ‘मागच्या महिन्यात बदललेल्या’ त्या जोडीवर पांढरट राखेचा थर आणि एक टोक गोल झालेले. दुरुस्तीचा अंदाज ९२,४०० रुपये. मी मशीन तसेच बॅगेत घालून परत आणले. स्टिकरवरचा आणि मेन्यूतला अनुक्रमांक ताडून पाहणे, सेटिंग मूळ स्थितीला आणून मगच जोड करायला लावणे, ही दोन कामे पाच मिनिटांची आहेत.

हिशेब असा : मशीन १,३५,०००, तपासणी १,७७०, नापास जोड पुन्हा करण्यासाठी सहा दिवस भाड्याचे मशीन १०,८००, दंड २२,०००, वाया गेलेल्या स्लीव्ह ६००. एकूण १,७०,१७०. यात प्रवास धरलेला नाही आणि भाच्याच्या नजरेतली उतरलेली किंमतही.

त्यानंतर सुरू झाली दारोदार फिरण्याची दुसरी कहाणी, आणि खरे सांगायचे तर विक्रेत्यापेक्षा तिनेच मला अधिक जाळले. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. विचारले, व्यवहार कुठे झाला? मी म्हणालो, पुण्याकडे. मग तिकडे जा. तिकडे गेलो. पैसे कुठल्या खात्यातून गेले? सांगलीच्या. मग तिकडे जा. हद्दीचा प्रश्न आला तरी तक्रार नोंदवून पुढे पाठवता येते, ती तरतूद नव्या कायद्यात लेखी आहे, असे मी नम्रपणे म्हटले, तर “कायदा तुम्ही शिकवणार का?” असे ऐकावे लागले. चौथ्या खेपेस एका हवालदारांनी अर्ज हातात घेतला आणि विचारले, “हे स्लायसिंग मशीन म्हणजे पाव कापायचे का?” मी शांतपणे समजावले. त्यांचा पुढचा प्रश्न : “चालू होते का?” होते. “तुम्ही स्वतः बघून घेतले का?” घेतले. “मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी वाद आहे.” पैसे घेण्याच्या हेतूने खोटे दाखवणे म्हणजे फसवणूक, भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ तेच सांगते, पण त्या टेबलावर ‘मशीन सुरू होते’ या तीन शब्दांपुढे सगळे कलम निष्प्रभ झाले. सर्व्हिस सेंटरचा अहवाल जोडला, तर तो इंग्रजीत आहे, मराठी करून आणा. मराठी करून नेला, तेव्हा साहेब बंदोबस्ताला. अखेर अर्जाची पोच मिळाली, तीही तारखेविना. तारीख मी हट्टाने घालून घेतली. अर्ज कुठेही द्या, पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेने खातेदाराची माहिती देता येत नाही असे सांगितले, आणि ते नियमाला धरूनच असावे. पैसे ऑनलाइन गेले असतील, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांतच फोन करायचा असतो, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधीच तो अडवता येतो. मी ‘आधी त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलून बघू’ म्हणत अकरा दिवस घालवले. त्या अकरा दिवसांत तो रोज “उद्या मेकॅनिक पाठवतो दादा,” म्हणत होता आणि बाराव्या दिवशी त्याचा फोन बंद झाला.

ग्राहक आयोगाची वाट धरली, तेव्हा एका तक्रार-कक्षातल्या बाईंनी फोनवरच ऐकवले की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. हे अर्धसत्य आहे. २०१९ च्या कायद्यात स्पष्टच म्हटले आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू त्या अपवादात बसत नाही. आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. मी तक्रार दाखल केली. पण चलनावरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस ‘पत्ता अपूर्ण’ या शेऱ्यानिशी परत आली. गोदाम चार दिवसांसाठी भाड्याने घेतलेले होते, हे शेजारच्या चहावाल्याकडून कळले. विक्रेत्याच्या आधार कार्डाचा फोटो मागायला मला संकोच वाटला होता. ४५,००० रुपये रोख मोजून देताना मात्र वाटला नाही.

मागच्या आठवड्यात भाच्याने फोन माझ्यापुढे धरला. तीच जाहिरात, नावापुढे दुसरा क्रमांक, किंमत १,२८,०००. मशीनचा फोटोही तोच : प्लॅस्टिकचे टेबल, पडद्यावर २१२ आणि खालच्या ओळीवर चुना लागलेला अंगठा. जाहिरातीच्या पानाची छापील प्रत काढून मी त्याच दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी कागद उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला आणि परत देत म्हणाले, “यात माणूस कुठे आहे? नुसता अंगठा दिसतोय.” ती प्रत मी अर्जाला जोडून, आवक क्रमांक घालून घेऊनच बाहेर पडलो.