वडणग्याच्या पुढचं गुऱ्हाळ: गूळ काळा आहे, तरी घ्या

आधी पत्ता सांगते, कारण या गुऱ्हाळाला बोर्ड नाही. कोल्हापुरातून शिवाजी पूल ओलांडून पन्हाळा रोडला लागायचं, वडणग्याचा फाटा धरायचा, गाव मागं पडलं की उसातून वर येणारा धूर बघत जायचं. धूर दिसला नाही तर तिथूनच गाडी वळवायची, त्या दिवशी घाणा बंद. पहिल्या खेपेला मी दोनदा चुकले आणि शेवटी वासावर पोचले.

मी शुक्रवार पेठेत राहते, पोळ्यांच्या ऑर्डरी घेते. संक्रांतीला गुळाच्या, होळीला पुरणाच्या, मधे लग्नं-बारशी. वर्षाला पाच-सहा क्विंटल गूळ माझ्या हाताखालून जातो, तेव्हा गुळाबद्दल चार शब्द बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते. (आमच्याकडं बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. इथं जरा पुस्तकी लिहितेय, गाववाल्यांनी हसू नये.)

गेल्या संक्रांतीला शहरातल्या एका दुकानातून चाळीस किलो गूळ घेतला होता. दुकानाचं नाव सांगत नाही. रंग असा पिवळाधमक, की हळदीला बसवलेली नवरीच. विळीवर चिरायला घेतला आणि पात्याखाली कचकच वाजायला लागला. फोडून बघितला तर आत बारीक चकाकी. तरी मी मूर्ख, ऑर्डर डोक्यावर म्हणून तसाच वापरला. पोळी तव्यावर पडली की सारण पातळ व्हायचं, कडेनं फुटून बाहेर यायचं आणि तव्यावर जळून काचेसारखं कडक बसायचं. साठ पोळ्या गेल्या. तवा घासताना मोलकरणीनं मला जे ऐकवलं ते वेगळंच. गुळात साखर होती, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

साखर घालून गूळ कोण कशाला करेल, असं माझ्या पुण्याच्या जावेनं विचारलं. अगं, आज कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात साखर ४४ रुपये किलो आहे आणि या गुऱ्हाळावर गूळ ७५. स्वस्त वस्तू महाग वस्तूत घालायला काय अक्कल लागते? खरा प्रश्न पुढचा आहे: ज्या उसाची साखर, त्याच उसाचा गूळ. मग साखर स्वस्त आणि गूळ महाग, हे कुठून आलं? त्याचं उत्तर मला काहिलीशेजारी, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईशेजारी, मिळालं.

गुऱ्हाळाचे मालक साठीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. पहिल्यांदा गेले तेव्हा आदण, म्हणजे एका खेपेला शिजणारा रस, उतरायच्या बेतात होतं. चुलवाणात एक पोरगा वाळलेलं चिपाड ढकलत होता, न बघता, नुसत्या हाताच्या अंदाजानं. काहिलीवर गुळव्या उभा. त्यानं भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी आधीच घातलं होतं, त्यानं मळी वर आलेली, ती काढून बाजूच्या डब्यात. आता रस लाल होऊन मोठमोठे बुडबुडे येत होते आणि प्रत्येक बुडबुडा फुटताना 'फस्' असा आवाज. गुळव्यानं दांड्यानं थोडा पाक उचलला, थंड पाण्याच्या घमेल्यात सोडला, हातात गोळी वळली आणि ती घमेल्याच्या कडेवर मारली. टण्. "उतरवा," एवढंच म्हणाला. पुढच्या मिनिटभरात चौघांनी ती अख्खी काहील उचलून गूळ निववायच्या वाफ्यात ओतली. मला वाफेत काही दिसेना, चष्मा धुक्यानं भरलेला. तेवढ्यात कुणीतरी उसाच्या कांडीवर गरम गूळ गुंडाळून हातात दिला. त्याच्या चवीबद्दल मी लिहायच्या भानगडीत पडत नाही.

गूळ कसा आहे? गडद, विटकरीकडं झुकणारा. चिरताना विळीला चिकटतो, कचकच नाही. पाण्यात विरघळला की तळाशी थोडा गाळ राहतो, तो गाळून घ्यावा लागतो. हे आधीच सांगते, नंतर मला फोन करू नका. खारट अजिबात नाही. सारण तव्यावर घट्ट राहतं. या वेळी दीडशे पोळ्यांत फुटल्या चार, आणि त्या माझ्या लाटण्याच्या चुकीनं. काकवी लिटरला १२०, पातळ पण खरी, भाकरीबरोबर झकास.

रंगाबद्दल मी विचारलं तर मामा म्हणाले, "वहिनी, रंग उजळायची पावडर टाकली की पिवळा व्हतोय. गुजरातला पिवळाच लागतोय. हा काळा गूळ मार्केट यार्डात नेला तर सौद्यात खालचा भाव बोलत्यात." कोल्हापूरचा गूळ गुजरातेत जातो हे काही नवीन नाही. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारावर उभी राहिली. तेव्हापासून गूळ इथं शिजतो आणि त्याचा रंग तिकडं ठरतो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाच्या कागदानं सौद्यातली नजर बदलत नाही. मामा आता निम्मा गूळ यार्डात नेतच नाहीत, माझ्यासारख्या जागेवर येणाऱ्यांना विकतात.

आता भावाचं. माझा नवरा साखर कारखान्यात चिटबॉय, म्हणजे उसाच्या नोंदी-चिठ्ठ्या करणारा, होता, नुकताच रिटायर झाला. त्याला सोबत नेलं तर तो आणि मामा दोन तास बोलत बसले आणि मी काहिलीकडं तोंड करून निम्मं ऐकलं. हिशोब असा: एक टन उसाला १०० ते ११० किलो गूळ पडतो. ऊस कारखान्याला घातला तर केंद्रानं ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा किमान भाव, मिळते: २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपये, १०.२५ टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणारी साखर). आमच्या जिल्ह्याचा उतारा त्याहून वर, म्हणून आकडा वर जातो, मग त्यातून तोडणी-वाहतूक कापतात. कायद्यानं पैसे चौदा दिवसांत. तेव्हा शेतकऱ्याला गुऱ्हाळाकडं वळवायचं तर मामांना टनाला साडेतीन हजारांच्या आसपास तरी टेकवावे लागतात. म्हणजे किलोभर गुळात उसाचेच ३३-३४ रुपये. मग गुळव्या, जाळ घालणारा, घाण्याची वीज, कापड, डबे. यार्डात भाव पडला की मामांच्या हातात चिपाडाची राखच राहते.

साखरेला मात्र वर छप्पर आहे आणि खाली आधारही. कारखान्यानं ३१ रुपये किलोच्या खाली साखर विकायची नाही, हा किमान दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ठरला. तेव्हा एफआरपी २७५ होती. २०२५ संपलं तरी ३१ तिथंच. (मधे उताऱ्याचा पाया १० वरून १०.२५ केला, म्हणजे एफआरपीची वाढ दिसते तेवढी नाही, असं नवरा दर वेळी सांगतो. सांगून झालं.) कारखाने दर वाढवा म्हणून ओरडतात आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. पण गुळाला ओरडायलासुद्धा जागा नाही: एफआरपी नाही, किमान दर नाही, निर्यातीचा कोटा नाही. साखरेचं दुखणं मात्र पुरतं वाट्याला येतं.

मामांचा पोरगा बी.एस्सी. अ‍ॅग्री झालाय. त्याचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर गुळाचे बोटांचे ठसे, आणि आत न्यूयॉर्कच्या कच्च्या साखरेचा भाव. मी म्हटलं, "तुला काय करायचंय न्यूयॉर्कशी?" तर म्हणाला, "काकी, ब्राझीलवाले आज साखर करायची का इथेनॉल हे तेलाच्या भावावर ठरवत्यात. त्यावर तो आकडा हलतोय. त्यावर दिल्ली निर्यातीचं दार उघडती नाहीतर लावती. आणि त्यावर आपल्या किराणात साखर कितीला मिळती ते." एवढं बोलून चिपाडाची मोळी घेऊन गेला.

मी घरी येऊन नवऱ्याला खोदून विचारलं. २०२३ च्या नोव्हेंबरात जगात साखर बारा वर्षांत कधी नव्हे इतकी महाग झाली होती. तेव्हा आपली निर्यात बंद. पाऊस कमी, निवडणूक तोंडावर, शहरात साखर महागू द्यायची नाही. वर ७ डिसेंबरला आदेश निघाला की उसाच्या रसापासून इथेनॉल करायचं नाही. आठवडाभरात तो थोडा सैल केला. इथेनॉलच्या भरवशावर कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारलेल्या आमच्या भागात तेव्हा काय वातावरण होतं ते मला आठवतं, नवरा रात्री जेवत नव्हता. आणि २०२५ च्या नोव्हेंबरात १५ लाख टन निर्यातीला परवानगी दिली तेव्हा? जगातला भाव पाच वर्षांच्या तळाला. बाहेर पाठवण्यापेक्षा इथं विकलेली बरी. अशी इथली साखर इथंच राहते, आणि तसलीच थोडी गेल्या संक्रांतीला कुणाच्या तरी काहिलीत जाऊन माझ्या तव्यावर जळाली, असं मी म्हणते. नवऱ्याला हे फार ताणलेलं वाटतं. त्यानं तवा घासला नव्हता.

ब्राझीलचं आणखी एक. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तिघांनी २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडं तक्रार केली, की भारत उसाला जास्त भाव आणि निर्यातीला अनुदान देतो, त्यानं आमचं नुकसान होतं. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. आपण अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच बंद पडलंय, कारण अमेरिकेनं तिथं नवे सदस्य नेमू दिले नाहीत. म्हणजे खटला ना संपला ना चालू. एफआरपीवर तिकडं जिनिव्हात, त्या संघटनेच्या मुख्यालयात भांडण, आणि त्याच एफआरपीच्या तोलात मामा वडणग्यात ऊस विकत घेतात. मामांना जिनिव्हा माहीत नाही. माहीत करून घ्यायची गरजही नाही, त्यांना टनाचा भाव माहीत आहे.

माझं माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याला. लहानपणी गावात सात गुऱ्हाळं होती, शाळा सुटली की वाटीत काकवी मागत फिरायचो. आता एकही नाही. त्या जागांवर उसाच्या ट्रॅक्टरांसाठी डिझेलचा पंप, एक मंगल कार्यालय आणि बाकी ऊसच. कारखान्यांनी गावाला पक्के रस्ते दिले, दवाखाना दिला, माझ्या नवऱ्याला नोकरी दिली, ते नाकारत नाही. पण सात ठिकाणी मिळून शंभरेक माणसं थंडीभर कामाला असायची, ती कुठं गेली ते कुणी मोजलं नाही.

तक्रारी सांगते, नाहीतर मामांनी पैसे दिले असं वाटेल. एक, दोन आदणांचा गूळ सारखा नसतो. ऊस कुणाच्या रानातला त्यावर जातो, पुरात बुडालेल्या रानाचा असला तर चव उतरते. चाखूनच घ्या. दोन, मोबाईलला रेंज नाही, गुगल पे फिरत राहतं, रोख न्या. तीन, मुंग्या. चार, पावती नाही. पॅकिंगही नाही, आणि यामागं थोडा करही आहे: जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी लागला, सुट्ट्याला आणि २५ किलोच्या वरच्या पॅकिंगला नाही. म्हणून यार्डातला ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, मोकळा सुटतो, आणि पोराला शहरात किलोकिलोचे छान डबे करून विकायचे आहेत त्यांनाच कर. तो म्हणतो, भरू की कर. मामा म्हणतात, आधी गूळ वाळू दे.

भावाबद्दल घासाघीस करू नका. मी पहिल्यांदा केली, सत्तरला द्या म्हटलं. मामांनी काही न बोलता काहिलीकडं बोट दाखवलं. मी ७५ नं पंचवीस किलो उचलला.

काल संक्रांतीच्या ऑर्डरीसाठी पुन्हा फोन लावला. तिसऱ्या वेळेला लागला. मागं घाण्याचा खडखडाट. "हाय, चालू हाय," मामा ओरडले. "पाच-पाचचे धा रवे बाजूला ठेवतो. सकाळी या. आणि पिशव्या घरनं आणा, मागल्या येळंला माझं पोतं नेलासा."