मंद नाडीसाठी होल्टर : चोवीस तासांत काय कळतं, काय निसटतं

ऑक्सिमीटरवर नाडीचे ठोके ४८ दिसतात, ईसीजी नॉर्मल येतो, आणि काळजी मात्र जात नाही. अशा वेळी डॉक्टर बहुतेकदा होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावायला सांगतात. साध्या ईसीजीत जेमतेम दहा सेकंदांची नोंद असते. होल्टर २४ तासांत साधारण एक लाख ठोके टिपतो. चक्कर आली त्या मिनिटाला हृदय काय करत होतं, हे यातून कळतं. मंद नाडीचा उलगडा करायला ही तपासणी खरोखर चांगली आहे, पण ती नीट करून घेतली तरच.

छातीवर पाच-सात चिकटपट्ट्या, वायरी आणि कमरेला अडकवायची छोटी डबी, एवढाच पसारा. लावायला जाण्याआधी आंघोळ उरकून घ्या. यंत्र निघेपर्यंत अंगावर पाणी घेता येत नाही. छातीला तेल, पावडर, क्रीम काहीही नको. पुरुषांनी तिथले केस काढू द्यावेत. पुढून बटणं असलेला सैल सुती सदरा किंवा गाऊन घाला. मे महिन्यात ही तपासणी जिवावर येते, कारण घामाने पट्टी सुटते. पट्टी सुटली की आलेखाची रेष सपाट होते आणि सॉफ्टवेअर तिला ‘पॉज’, म्हणजे दोन ठोक्यांमधला लांब खंड, समजू शकतं. म्हणून रिपोर्टात पॉज लिहिला असेल, तर तेवढा आलेख डॉक्टरांनी स्वतः पाहिला आहे का, हे जरूर विचारा.

सोबत मिळणारी डायरी बहुतेक जण कोरीच परत करतात, आणि तिथेच निम्मे पैसे वाया जातात. ‘दुपारी ४.१०, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी’ इतकं नेमकं लिहा. झोपेची, उठण्याची, गोळ्यांची वेळही लिहा. आणि त्या दिवशी पडून राहू नका. नेहमीसारखं चाला, जिना चढा. श्रमाबरोबर ठोके वाढतात की नाही, हे दिसणं फार महत्त्वाचं असतं.

रिपोर्टातली किमान ठोक्यांची ओळ सगळ्यांना घाबरवते. तिच्याशेजारची वेळ आधी पाहा. पहाटे तीनला गाढ झोपेत ४२ ठोके निरोगी माणसाचेही असतात. धावपटूंचे त्याहून कमी. जागेपणी तीन सेकंदांहून लांब पॉज किंवा ‘ब्लॉक’ (हृदयातला विद्युत संदेश वाटेत अडणं) हा शब्द असेल, तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायला वेळ लावू नका. डायरीत चक्कर लिहिली आहे आणि त्याच मिनिटाला ठोके ७२ आहेत, तर त्या चकरेचा दोष मंद नाडीवर जात नाही. काळजी हलकी करणारा खरा आकडा हाच.

आणखी एक गफलत होल्टर उघडी पाडतो. वेळेआधी पडणारा जादा ठोका दुबळा असतो. तो बोटापर्यंत पोहोचत नाही. असा ठोका एकाआड एक येत असेल, तर ऑक्सिमीटर ३८ दाखवतो आणि हृदय प्रत्यक्षात ७६ वेळा धडधडत असतं. नाडी मोजणाऱ्या स्मार्ट घड्याळाचंही तसंच होऊ शकतं. गार पडलेली बोटं आणि नखांवरची मेंदी यांनीही आकडा बिघडतो.

महिन्यातून एकदाच चक्कर येत असेल, तर २४ तासांचा होल्टर बहुधा रिकाम्या हाताने परततो. मग सात किंवा चौदा दिवस छातीवर चिकटवून ठोके नोंदवणाऱ्या पॅचबद्दल विचारा. शिवाय नाडी मंद का, याचं उत्तर पुष्कळदा यंत्राबाहेर असतं : मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, डिल्टियाझेमसारख्या गोळ्या, काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब (डोळ्यात घालायचं औषध म्हणून हे सांगायचंच राहून जातं), मंदावलेलं थायरॉइड, रक्तात वाढलेलं पोटॅशियम, घोरताना झोपेत अडकणारा श्वास. औषधांची पूर्ण यादी, थेंबांसकट, सोबत न्या. गोळी मनाने बंद करू नका. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

रिपोर्ट हाती येईपर्यंत दर दहा मिनिटांनी बोट यंत्रात घालणं सोडा. सकाळी आणि संध्याकाळी, ठरल्या वेळी, पाच मिनिटं शांत बसून मनगटावर पूर्ण ६० सेकंद नाडी मोजा आणि लिहून ठेवा. पंधरा सेकंद मोजून चौपट केली, तर अनियमित नाडीत चूक होते. शुद्ध हरपली, छातीत दुखलं किंवा बसल्याजागी धाप लागली, तर आकडा कितीही असो, मोजत बसू नका. १०८ ला फोन करा.