पुण्याच्या गच्चीवर स्वीट पी: स्पेन्सर घ्यावा की लवकर फुलणारी जात?

नवरात्राच्या सुमारास पाऊस ओसरला की स्वीट पी या सुवासिक फुलांच्या वेलाचं बी पेरायचे दिवस येतात आणि बी कुठलं घ्यायचं हा प्रश्नही येतो. फुलं कापून फुलदाणीत ठेवायची असतील, तर निवड मुख्यतः दोन गटांत आहे: स्पेन्सर, किंवा विंटर एलिगन्स, मॅमथ अशा लवकर फुलणाऱ्या जाती. मी पुण्यात गच्चीवरच्या कुंड्यांत दोन्ही लावून पाहिल्या आहेत.

रूपाचं म्हणाल तर स्पेन्सरच. इंग्लंडात अल्थॉर्पला अर्ल स्पेन्सर यांच्याकडे माळी असलेल्या सायलस कोल यांनी ‘काउंटेस स्पेन्सर’ ही या गटाची मूळ जात १९०१ मध्ये प्रदर्शनात मांडली. तिच्या मोठ्या, झालरदार पाकळ्यांपुढे आधीची फुलं फिकी वाटू लागली. रंगही हवे तेवढे मिळतात.

पण या गटाला फुलायला साधारण बारा तासांचा दिवस लागतो, आणि माझं घोडं तिथेच अडलं. पुण्यात डिसेंबरातला दिवस जेमतेम अकरा तासांचा, बारा तास भरायला मार्चचा मध्य उजाडतो. तोवर वेल सुतळीवरून वर चढत राहतो, पानं हिरवीगार, येणारे-जाणारे कौतुक करतात आणि फुलाचा पत्ता नाही. ऐन गारठ्याचे, या फुलाला मानवणारे दिवस असे पानांतच जातात. मग कळ्या दिसू लागतात तेव्हा ऊन तापायला लागलेलं असतं. निम्म्या कळ्या पिवळ्या पडून गळतात, मागोमाग भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी येते. उरलेली फुलं सुंदर असतात, पण उन्हाळा लागला की देठ आखूड होत जातात. बोटभर देठाचं फूल फुलदाणीत उभं राहत नाही, आणि मला तर फुलं फुलदाणीसाठीच हवी होती.

लवकरच्या जातींना दहा-अकरा तासांचा दिवस पुरतो. ऑक्टोबरात पेरलं की संक्रांतीच्या आसपास घरात वास दरवळतो. रंगांची निवड थोडी कमी असेल, वेलही जरा लवकर थकतो, असं मला वाटलं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. पण थंडीतलं फूल लांब देठाचं मिळतं आणि फूल मिळेल याची खात्री असते.

बाकी निगा दोन्हींची सारखीच. खालची दोन-तीन फुलं उमलली आणि शेंड्याची कळी अजून मिटलेली असली की सकाळीच कापा. कापत राहिलात तर वेल फुलत राहतो, शेंगा धरू दिल्यात तर फुलणं थांबतं. फुलदाणी केळ्यांच्या घडाजवळ ठेवू नका, पिकत्या फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर माना टाकतात. घरात लहान मुलं असतील तर शेंगांवर लक्ष ठेवा. दिसायला त्या मटारसारख्या, पण बिया विषारी. आपल्याकडच्या लाखेच्या डाळीच्याच कुळातलं झाड आहे हे.

महाबळेश्वर-पाचगणीकडे बाग असेल, तर तिथली मार्चची हवा बरी असते, स्पेन्सर जरूर लावून बघा. पुण्यात मात्र बी घेताना पाकिटावर जातीचं नाव वाचा. नुसतं ‘मिक्स्ड’ लिहिलेलं पाकीट मी आता घेत नाही.