कॅमेरे माझे, मग बघायला कंपनीचं ॲप कशाला? – टेलस्केल वापरून बघितलं

घरात चार कॅमेरे आणि एक एनव्हीआर (त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), पण बाहेरून बघायचं तर कंपनीचंच ॲप. लॉगिन करा, जाहिरात बंद करा, मग गोल फिरणारं चक्र बघत बसा, तोवर दारातला माणूस बेल वाजवून निघूनही गेलेला असतो.

कॅमेरे बसवणारा म्हणाला पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, म्हंजे राउटरमधून थेट कॅमेऱ्यापर्यंत बाहेरून वाट उघडून देतो, पाच मिनिटांचं काम. नको म्हटलं. २०१६ मधे मिराई नावाच्या मालवेअरने असेच उघड्यावर ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी पकडले होते, कारण काय तर फॅक्टरीतला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. आणि तसंही माझं कनेक्शन सीजीनॅटवालं, म्हंजे इंटरनेटवरचा एकच पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलेला, स्वतःचा पब्लिक आयपीच नाही तर फॉरवर्ड काय करणार, कपाळ!

म्हणून टेलस्केल, म्हंजे आपलीच उपकरणं एका खासगी नेटवर्कमधे जोडणारा व्हीपीएन. आत वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोटोकॉलच आहे, फक्त एनक्रिप्शनच्या किल्ल्यांची देवाणघेवाण आणि नॅटमधून (राउटरच्या आडून) वाट काढणं ही कटकट ते स्वतः बघतं. पडून असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर टाकलं, फोनवर टाकलं, दहा मिनिटांत दोघं एकमेकांना दिसायला लागले. कॅमेऱ्यांवर काही इन्स्टॉल होत नाही, म्हणून पायला सबनेट राउटर करायचं, म्हंजे घरचं अख्खं नेटवर्क त्याच्यामार्फत दिसतं. इथे माझा दीड तास गेला. पाय दिसतोय, कॅमेरा नाही. शेवटी कळलं की पायच्या लिनक्समधलं आयपी फॉरवर्डिंग (आलेलं ट्रॅफिक पुढे पाठवणं) चालूच केलं नव्हतं, ते केलं तरी नाही, कारण टेलस्केलच्या ॲडमिन पॅनलमधे जाऊन घरच्या नेटवर्कचा राउट मंजूर करायचा राहिला होता. चूक माझीच, डॉक्युमेंटेशनमधे दोन्ही लिहिलंय, वाचतंय कोण!

अजून एक. घरच्या नेटवर्कची आयपी पत्त्यांची रेंज १९२.१६८.१ वाली ठेवू नका, बाहेर ज्या वायफायवर बसाल तिथेही बऱ्याचदा तीच असते आणि मग फोन तिथल्याच नेटवर्कमधे कॅमेरा शोधत बसतो. मी सगळी रेंज बदलली, कंटाळवाणं काम पण एकदाच करायचं. आणि घरच्या पायची टेलस्केलमधली ‘की एक्स्पायरी’ (पुन्हा लॉगिन करायची मुदत) आधी बंद करा, डीफॉल्ट १८० दिवसांची असते.

आता व्हीएलसी प्लेअरमधे कॅमेऱ्याची आरटीएसपीची (लाइव्ह व्हिडिओची) लिंक टाकली की चित्र समोर. थेट कनेक्शन जुळलं तर मस्त, नाही जुळलं तर ट्रॅफिक टेलस्केलच्या रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) जातं, एनक्रिप्टेडच असतं पण वेग पडतो, तेव्हा मेन स्ट्रीमचा (पूर्ण क्वालिटीच्या चित्राचा) हट्ट सोडून हलका सब स्ट्रीम लावायचा. गेटवर कोण आहे एवढं कळतं, गाडीची नंबर प्लेट विसरा.

हे जमल्यावर राउटरवरून कॅमेऱ्यांचं इंटरनेटच तोडून टाकलं. झकास वाटलं, आणि पुढच्याच वेळी लाइट जाऊन आल्यावर एका कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात तारीख ०१-०१-१९७०! बरोबरच आहे, वेळ विचारायला बाहेर जाता येत नाही बिचाऱ्याला. मग पायलाच एनटीपी सर्व्हर, म्हंजे वेळ सांगणारा सर्व्हर, केलं.

तोटे आहेत. इंटरनेट तोडल्यावर कंपनीच्या ॲपची नोटिफिकेशन बंद, हालचाल झाली तरी फोन गप्प. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, त्यामुळे ऑफिसचा लावला की घर गायब. बायकोच्या फोनवरही टाकून दिलंय, पण तिचं म्हणणं, आधीच्या ॲपमधे निदान टुंग वाजायचं. ते टुंग परत आणायच्या मागे लागलोय सध्या.